आज रोख, उद्या उधार

आमच्या लहानपणी लातुरात काय किंवा नांदेडात काय, दुकानांतून एक पाटी हटकून दिसे : ‘आज रोख, उद्या उधार.’ लक्ष्मीच्या तसबिरीखाली टांगलेली, उदबत्तीच्या धुराने पिवळी पडलेली. तिच्यातली गंमत ध्यानात यावयाला पोरवयात थोडा वेळ लागे. उद्या म्हणून जो दिवस असतो तो कधी उजाडतच नाही. उजाडला की त्याचा आज होतो. हे कळले म्हणजे दुकानदार मोठा विनोदी गृहस्थ वाटू लागे. पुढे वय वाढल्यावर त्या पाटीतली दुसरी गंमत कळली. ती अशी की, ज्या दुकानात ही पाटी असे, त्याच दुकानात उधारी सर्वांत जास्त चाले! ‘येथे थुंकू नये’ ही पाटी लोक जेथे थुंकतात तेथेच लावावी लागते, त्यातलाच हा प्रकार. ज्याला उधार द्यावयाचेच नाही त्याने पाटी कशाला लावावी? त्याच्याकडे कुणी उधार मागावयाला जातच नाही.

ती पाटी अलीकडे दिसेनाशी झाली आहे. तिच्या जागी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला असतो. ठिपके मांडून झाले, पण रेघा जोडावयाच्या राहून गेल्या, अशी एखादी रांगोळी असावी तसा. गिऱ्हाईक त्या चौकोनासमोर फोन धरते, क्षणभराने गल्ल्याजवळचा डबा मोठ्याने बोलतो की अमुक रुपये मिळाले, आणि व्यवहार संपतो. यूपीआय नावाची ही सोय २०१६ साली सुरू झाली, आणि २०२५च्या ऑगस्टात एका महिन्यात देशभर २००० कोटींहून अधिक व्यवहार तिच्यावर झाले. नांदेडच्या वजिराबादेतली हारवाली बाईसुद्धा आता सुटे नाहीत म्हणून कुरकुरत नाही. सुट्या पैशांऐवजी हातावर गोळी टेकवण्याची दुकानदारांची जुनी खोड या डब्याने मोडली, एवढ्यासाठी तरी मी त्याचा ऋणी आहे.

पैशाचे रूप पालटले म्हणून हळहळत बसणे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना कधी परवडलेच नाही. माझ्या आईने संसार मांडला तो निजामाच्या हाली सिक्क्यावर. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि मग ७ हाली म्हणजे ६ कलदार हा हिशेब घरोघरी तोंडी करावा लागला. तो पुरता अंगवळणी पडतो न पडतो तोच १९५७ साली नवे पैसे आले आणि आण्यांचे पाढे वाया गेले. १९५९ साली हाली रुपया कायमचा बाद झाला. २०१६च्या ८ नोव्हेंबरला पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा एका रात्रीत गेल्या. इतके पाहिलेल्या घराने रुपया आता डोळ्यांना दिसतच नाही याचे नवल ते किती करावे? पैशाचे जे व्हायचे ते होवो. माझ्या मनात घोळते आहे ती त्या पाटीतली उधारी.

परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी घरबसल्या होणाऱ्या या नव्या खरेदीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण उधारीचे जे काही झाले आहे, त्यात या खरेदीचा हात मोठा आहे.

माझ्या वयाच्या पुष्कळांना वाटते की, हे काल-परवा अमेरिकेतून आलेले खूळ. तसे ते नाही. माल दारात आल्यावर पैसे मोजावयाचे, ही युक्ती आपल्या टपालखात्याने १८७७ सालीच काढली. तिचे नाव व्ही. पी. मुंबई-पुण्याचे दिवाळी अंक आमच्या आडगावी व्ही. पी.नेच येत, आणि पोस्टमन ओट्यावर बसून, पाणी पिऊन, पैसे दोनदा मोजून घेई. आज पार्सल आणणारा मुलगा ज्याच्या आधाराने आपले घर शोधतो, तो सहा आकडी पिनही एका मराठी माणसाची करणी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी. त्यांनी बसवलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. नांदेडचा पिन ४३१६०१ आणि लातूरचा ४१३५१२. पहिले तीन आकडे दोन्हीकडे तेच, फक्त जागा बदलून बसलेले. एका घरातल्या दोन भावंडांना नाक-डोळे वाटून यावेत तसे!

फ्लिपकार्ट ही कंपनी दोन तरुणांनी २००७ साली बंगळूरला काढली, ती पुस्तके विकण्यासाठी. तिचे पहिले पुस्तक कुठे गेले असेल? दिल्ली, मुंबई ही नावे मनात येतात. ते गेले आताच्या तेलंगणातल्या महबूबनगरला. महबूबनगर आमच्या नांदेडला परके नव्हे. १९५६पर्यंत दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. हवे ते पुस्तक ज्या गावात मिळणे कठीण, त्या गावातल्या माणसाने पहिली मागणी नोंदवावी हे मला अगदी बरोबर वाटते. २०१० साली त्या कंपनीने माल हाती पडल्यावर पैसे घेण्याची सोय केली, तेव्हा आमची जुनी व्ही. पी.च नवे लुगडे नेसून परत आली. पुढे २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने त्या कंपनीचा मोठा हिस्सा १६०० कोटी डॉलरना विकत घेतला. लुगडे नेसणारी आपली, पण कपाट परक्याचे, अशी आता तिची स्थिती आहे.

आमच्या सूनबाई या खरेदीविषयी माझ्याहून स्पष्ट बोलतात. ‘बाबा, दुकानात गेलं की चार ओळखीचे भेटतात. काय घेतलं, कितीचं घेतलं, ते मी घरी यायच्या आत गल्लीला ठाऊक होतं.’ बायकांच्या काही वस्तू दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून, चोरीचा माल असल्यासारख्या हाती देतो. त्या आता मुकाट्याने खोक्यात बंद होऊन घरी येतात. अंगाला न बसलेला कपडा परत करताना ‘घेताना दिसलं नाही का?’ हा सवाल ऐकावा लागत नाही. हे सुख लहान नव्हे.

आणि याहूनही मोठी एक गोष्ट आहे. गावोगावच्या जुन्या दुकानांना एक पायरी असे. ती कुणी चढावयाची आणि कुणी खालीच उभे राहावयाचे हे ठरलेले असे. खाली उभ्या असलेल्या बाईच्या पदरात मीठ वरून टाकले जाई, आणि तिने ठेवलेल्या नाण्यांवर पाण्याचा शिंतोडा देऊन मगच ती उचलली जात. माझ्या मामांच्या दुकानालाही ती पायरी होती. आज त्याच वस्तीतल्या मुलीच्या फोनवर जे दुकान उघडते त्याला पायरी नाही. जुन्या दुकानदाराच्या ओळखीचे गोडवे ज्यांना गावेसे वाटतात, त्यांनी आधी ती पायरी आठवावी आणि मग खुशाल गावे.

एवढे मान्य करून मी मामांच्या दुकानात शिरतो.

मामांचे दुकान औशाला होते. किराणा आणि भुसार. माल भरावयाचा तो लातूरच्या गंजगोलाईतून. ज्यांनी ही गोलाई पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली ही बाजारपेठ १९१७ सालची. मधोमध जगदंबेचे देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. एका रस्त्यावर सोने, एकावर चपला-जोडे, एकावर मिरची आणि गूळ. फोनच्या काचेवर बोट फिरवले की जशी एकेका वस्तूची आळी उघडते, तशीच ही पायांनी उघडण्याची. मामा आठवड्यातून एकदा तिथे जात आणि पोती घेऊन परतत. ती पोती मग औशाच्या भोवतालच्या खेड्यांत शेराशेराने, छटाकाछटाकाने पांगत.

या खेड्यांतल्या कुणब्याच्या घरी पैसा वर्षातून दोनदाच येतो. एकदा दिवाळीच्या आगेमागे, खरिपाचा. आणि दुसऱ्यांदा संक्रांतीनंतर, तुरीचा. मीठ-मिरची मात्र रोज लागते, पोराच्या वह्या जूनला लागतात, आणि माणूस आजारी पडावयाला तर मुहूर्तही लागत नाही. वर्षातून दोनदा येणारा पैसा आणि रोज लागणारे मीठ यांच्यामध्ये जो पूल होता, त्याचे नाव उधारी. मामांच्या गादीवरची लाल पुठ्ठ्याची लांबट वही म्हणजे तो पूल. तिच्यात प्रत्येक घराचे एक पान. एका अंगाला नावे, दुसऱ्या अंगाला जमा. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडली की मागची बाकी पुढे ओढावयाची.

मामा काही साधुसंत नव्हते. रोखीच्या गिऱ्हाइकाला साखर एका भावाने देत आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला दोन पैसे चढ्या भावाने. व्याज असे साखरेतच विरघळलेले असे. कुणाला किती द्यावे हे ते त्याची जमीन, त्याचे बैल आणि त्याची दारू पाहून ठरवीत. पण एक विद्या त्यांना अवगत होती : थांबण्याची. १९७२च्या दुष्काळात जी घरे खडी फोडावयाला गेली, त्यांची बाकी त्यांनी तीन दिवाळ्या पुढे ओढली. कुणी छेडले तर म्हणत, ‘पाऊसच आला नाही तर तो कुठून देईल? आज त्याचं मानगूट धरलं तर पुढल्या साली माझ्या दुकानात कोण येईल?’ यात दया किती आणि व्यवहार किती, हे त्यांना स्वतःलाही वेगळे करून दाखवता आले नसते.

मग १९९३च्या ३० सप्टेंबरची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या सुमारास जमीन हलली, आणि किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची कितीतरी गावे झोपेतच दगडमातीखाली गेली. हजारो माणसे गेली. दोन दिवसांनी मी नांदेडहून औशाला पोचलो, तेव्हा मामा गादीवर बसून वही चाळीत होते. एकेका पानावर बोट ठेवून ते नाव वाचीत, आणि दुकानातला गडी त्या घराची खबर सांगे. ‘हे घर गेलं.’ ‘ह्यातला थोरला वाचलाय, लातूरच्या दवाखान्यात हाय.’ ‘हे बी गेलं, मामा.’ मामांनी पाने फाडली नाहीत की त्यांच्यावर काटही मारली नाही. त्या पाडव्याला नवी वही आली तेव्हा त्या पानांची बाकी पुढे ओढली नाही, इतकेच.

दोनएक वर्षांनी पुनर्वसनाच्या नव्या गावठाणातून एक तरुण आला आणि म्हणाला, ‘आमच्या आबाचं काय निघतंय का बघा.’ मामांनी माळ्यावरून जुनी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. तो बराच वेळ ते पान वाचीत उभा राहिला. रकमेकडे त्याचे लक्ष नव्हते. घरात काय काय नेले होते, ते तो वाचीत होता. शेवटची नोंद कापूर आणि गूळ-खोबऱ्याची होती. त्याने निम्मे पैसे गादीवर ठेवले. मामांनी ते घेतले, त्याच्या बापाच्या नावावर जमा लिहिले, आणि त्याला चहा पाजला.

आता कुणी म्हणेल की, ती उधारी गेली. छे! उधारी आज पूर्वीपेक्षा उदंड आहे. फोन उघडावा तो ‘आता घ्या, पुढे द्या’ म्हणून हाका येतात. टीव्ही हप्त्यावर, फोन हप्त्यावर, त्या फोनचे कव्हरही हप्त्यावर मिळाले तर नवल नाही. ज्या पाटीने आम्हांला लहानपणी हसवले, तिचे शब्द कंपन्यांनी नेमके उलटे केले आहेत : आज उधार, उद्या रोख. आणि हा उद्या मात्र कधी चुकत नाही. महिन्याच्या पाच तारखेला तो हटकून उजाडतो.

मामा जे बैल आणि जमीन पाहून ठरवीत, ते आता ३०० आणि ९०० यांच्यामधला एक आकडा ठरवतो. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली. आज तिचे नाव आमच्या खेड्यांत इतके रुळले आहे की, ‘त्याचं सिबिल बिघडलंय’ हे वाक्य ‘त्याचं पोट बिघडलंय’ इतक्या सहजपणे पारावर ऐकू येते. पीककर्ज देताना सिबिल पाहत बसू नका, असे राज्य सरकारला बँकांना बजावावे लागले, इतका या आकड्याचा दरारा. एका परीने हा आकडा मामांपेक्षा न्यायी आहे. त्याला जात दिसत नाही, शेजाऱ्याची चुगली त्याच्या कानी पडत नाही. परंतु त्याला पाऊसही दिसत नाही.

२०२५चा सप्टेंबर आठवून पाहा. २२ तारखेला पुष्कळ वस्तूंवरचा जीएसटी उतरला. २३ तारखेला मोठ्या कंपन्यांचे सणासुदीचे सेल लागले. आणि त्याच आठवड्यात मराठवाड्यावर आभाळ फाटले. नांदेड, लातूर, धाराशिव, बीड, सगळीकडे काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. कुठे कुठे तर मातीसकट वाहून गेले. त्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनला क्विंटलमागे ५३२८ रुपये हमीभाव जाहीर केला होता, पण भिजून काळ्या पडलेल्या दाण्याला हमी कसली? शेतकऱ्याच्या हातात फोन एकच. त्याच्यावर बुडालेल्या वावराचे फोटो येत होते, टीव्हीच्या किमती उतरल्याची वार्ता येत होती, आणि हप्ता भरण्याची आठवणही येत होती. दरमहा पगार घेणाऱ्या माणसाच्या मापाने शिवलेला हा सदरा वर्षातून दोनदा पिकणाऱ्या माणसाच्या अंगात घातला आहे. सोयाबीनला पाच तारीख ठाऊक नसते.

आमच्या दारी पार्सले आणणारा मुलगा मुखेडकडचा आहे. घरी चार एकर कोरडवाहू. बाप शेतावर, हा नांदेडात खोली करून राहिलेला. पार्सलामागे ठरलेले पैसे मिळतात. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, आणि गाडीचा हप्ताही अर्थात त्याचाच. त्या आठवड्याविषयी तो सांगत होता, ‘काका, तिकडं वावर पाण्यात होतं, अन् इकडं सेलमुळं पार्सलं दुप्पट. गावाकडं जाता आलं नाई. पण त्या पैशावरच दोन हप्ते गेले बघा. नाईतर गाडी गेली असती.’ म्हणजे बापाचे वावर बुडाले त्याच आठवड्यात मुलाची गाडी सेलने वाचवली. या कंपन्यांना नुसते बरे किंवा नुसते वाईट म्हणू पाहणाऱ्याने या मुलाला एकदा पाणी द्यावे आणि दोन मिनिटे बसवून घ्यावे.

त्याचे काम पाहिले की मला लातूरच्या बाजार समितीतला हमाल आठवतो. पोते उचलणाऱ्या हमालाची हमाली अडत्याच्या पट्टीवर वेगळी लिहिली जाते, आणि त्याच्या पाठीमागे महाराष्ट्राचा १९६९चा माथाडी कायदा उभा आहे. खोके उचलणाऱ्या या नव्या हमालासाठी स्वतंत्र कायदा पहिल्यांदा केला तो राजस्थानने, २०२३ साली. अशा कामगारांची दखल घेणारा केंद्राचा सामाजिक सुरक्षेचा कायदा २०२०चा. तो अमलात आला २०२५च्या नोव्हेंबरात. वाढदिवसाचा केक दहा मिनिटांत पोचवणाऱ्या काळात कायदा पोचावयाला पाच वर्षे लागली!

मामांच्या गादीवर आता माझा मामेभाऊ बसतो. भूकंपानंतर दुकान नव्याने बांधताना त्याने पायरी काढून टाकली आणि ओटा रस्त्याच्या पातळीला आणला. हे त्याने कुणाच्या सांगण्यावरून केले नाही, आणि कधी बोलूनही दाखवले नाही. वहीची चाल मात्र त्याने मोडली नाही. पण गेल्या काही वर्षांत वही बारीक होत चालली आहे. मी कारण विचारले, तेव्हा त्याने मला जो हिशेब सांगितला तो अर्थशास्त्राच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मला अधिक पटला.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘उधारी मी बंद करंना गेलोय, ती आपोआप बंद व्हायलीय. आधी दहा गिऱ्हाईकं असली तर त्यात सहा रोखीची. मास्तर, तहसीलमधले, बँकेतले, पेन्शनवाले. राहिलेले चौघं उधारीचे. सहाजणांच्या रोखीवर मी लातूरच्या व्यापाऱ्याचं भागवायचो, अन् चौघांसाठी दिवाळीपर्यंत थांबायचो. आता त्या सहातले चौघं फोनवर घेतेत. त्यांचं बी चुकत नाई. त्यांना स्वस्त पडतंय, घरपोच येतंय. माझ्याकडं राहिले दोन रोखीचे अन् चौघं उधारीचे. लातूरचा व्यापारी काय पंधरा दिवसाच्या वर थांबंना. मग चौघातल्या दोघांना मला नाई म्हणावं लागतंय.’

‘आणि ते दोघे कुठे जातात?’

‘फोनवरच की! तिथं उधार मिळतंय. पण तिथं थांबणारं कुणी नाई.’

रोखीचा व्यवहार तिथल्या तिथे संपतो, असे दिसते. पैसे दिले, पिशवी उचलली, फिटंफाट झाली. परंतु मामेभावाचा हिशेब खरा धरला, तर तहसीलच्या कारकुनाने रोखीने नेलेल्या साखरेच्या पैशावर कुणा कुणब्याच्या घरचे मीठ दिवाळीपर्यंत थांबू शकत होते. कारकुनाला ते ठाऊक नव्हते, कुणब्यालाही नव्हते. दोघांची गाठ त्या वहीतच पडत होती. कारकून फोनकडे गेला म्हणजे दुकानदाराचे नुकसान होते, ते सर्वांना दिसते. कुणब्याच्या पायांखालचा पूल निघून जातो, तो कुणाला दिसत नाही. मी माझ्या नांदेडच्या गल्लीतल्या दुकानदाराला विचारले, तर त्यानेही मान हलवली आणि म्हणाला, ‘हौ, तसंच हाय.’

मग काय, दुकानदाराकडून महाग घेऊन पुण्य जोडावयाचे? तसे कुणी करीत नाही आणि करूही नये. आमच्या घरी यावर बरीच चर्चा झाली. तिच्या अखेरीस असे ठरले की, पुस्तके, मिक्सरचे न मिळणारे भांडे, नातवाच्या मापाचे बूट आणि सूनबाईंना जे जे वाटेल ते फोनवर. आणि डाळ, तेल, साखर, साबण गल्लीतल्या दुकानात, रोखीने. कारण उधारीच्या वहीत बहुतेक नोंदी याच चार जिनसांच्या असतात. सूनबाईंनी आपल्याही अटी घातल्या : भाव विचारून घेणार, पावती मागणार, आणि पिशवीत आधीपासून काय आहे याची चौकशी दुकानदाराने करावयाची नाही! दुकानदाराला मी हे कळवले. तिसरी अट त्याला जड गेली, पण तीही त्याने मान्य केली.

कंपन्यांकडेही एक मागणे आहे. मी मंगळवारी कोणता सदरा पाहिला हे ज्या यंत्राला शुक्रवारी आठवते, त्याला कोणत्या खेड्यावर किती पाऊस कोसळला हे कळणे अवघड नसावे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरवर पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात, आणि तसे आकडे मंडळवार प्रसिद्ध होतात. आपत्तीच्या साली पिकाच्या कर्जाला मुदत वाढवून देण्याची रिझर्व्ह बँकेची रीत आहेच. तीच रीत त्या मंडळातल्या फोनच्या आणि गाडीच्या हप्त्यांपर्यंत आपोआप पोचावी. हात जोडून अर्ज करावा लागू नये, आणि आकडाही बिघडू नये. मामांना यासाठी वहीत एक ओळ लिहावी लागे : मागील बाकी पुढे.

औशाला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आता लॅपटॉप ठेवतात. मामेभावाच्या मुलाने सगळा हिशेब त्याच्यात चढवला आहे. झेंडूचे एक फूल लॅपटॉपवर, एक शेजारच्या लाल वहीवर. गेल्या खेपेला मुलाने बापाला विचारले, ‘आता वही कशाला आणायची दरसाल? सगळं ह्याच्यात हाय की.’

‘ह्याच्यात बाकी पुढं ओढता येती का?’ बापाने विचारले.

‘येती की. एक बटण दाबलं की झालं.’

‘मग ते दाबायला शीक. तवर वही राहू दे.’

त्या पाडव्याला उघडलेल्या वहीत एकोणीस घरांची पाने होती.